पिवळी नळी

दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू आपल्या तोंडात घालायची, या कल्पनेनंच मला मळमळतं. घरात मी तांब्या उंच धरून वरून पाणी पितो. पंगतीत शेजारच्याचं बोट माझ्या पानाला लागलं तर माझं जेवण तिथंच संपतं. बायको म्हणते, "तुम्ही नाकानं कांदे सोलता." सोलतो. ज्याला घाण वाटते त्याला वाटते, त्यात लाजायचं काय, असं मी अगदी परवापरवापर्यंत मानत होतो.

असा माणूस साठीला आल्यावर समुद्राच्या तळाशी जायला शिकला, हे धारवाडच्या सप्तापुरातल्या माझ्या शेजाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झालो, आणि जावयाच्या नादानं मुरुडेश्वरला जाऊन तो कोर्स केला. जावई हुबळीचा. मूळ घराणं निपाणीकडचं, पण तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात पंप, पाइप आणि नळांचं दुकान. रविवारी दुकान बंद असलं की गाडी काढून यल्लापूरचा घाट उतरायचा आणि दुपारपर्यंत समुद्रात, हा त्याचा छंद. मला पोहता येतं हे कळल्यावर तो म्हणाला, "मामा, मग चला की तुम्ही. मला तरी जोडीदार कुठाय?"

जोडीदार हा त्या खेळातला पहिला नियम. पाण्याखाली कुणी एकट्यानं जायचं नाही. दोघांनी मिळून उतरायचं, एकमेकांवर नजर ठेवायची, मिळून वर यायचं. प्रत्येकाच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो आणि त्यातून एक काळी नळी तोंडात येते. शिवाय प्रत्येकाच्या छातीवर एक पिवळी जादा नळी लोंबत असते. ती आपल्यासाठी नसते. जोडीदाराला हवा मिळेनाशी झाली तर त्यानं खूण करायची आणि आपण आपली पिवळी नळी त्याच्या तोंडात द्यायची, यासाठी ती असते.

हा धडा कोर्सच्या दुसऱ्या दिवशी झाला. त्या सकाळी जावयानं हुबळीहून बांधून आणलेलं गिरमिट, म्हणजे तिकडचे मसाल्यात कालवलेले चुरमुरे, खाल्लं होतं, वर कच्चा कांदा पेरून, सोबत दोन मिरची भजी. मग त्यानं आपली पिवळी नळी दोनदा फुंकून माझ्याकडे दिली. मी ती तोंडात घेतली. रबर, मीठ आणि कांदा. मला तिथंच उमळून आलं. नंतर पाळी माझी. त्यानं माझी नळी घेतली, चार श्वास घेतले, परत दिली. मी ती समुद्राच्या पाण्यात तीनदा खळबळली, बोटीवर चढल्यावर पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून पुन्हा धुतली, आणि रुमालानं पुसली. तो समोर बसून बघत होता.

"पाण्यातच तर होती की मामा," तो हसून म्हणाला.

"सवय आहे मला," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर जोडीनं पोहण्याचा मला पहिल्यापासूनच जाच वाटायचा. माझं लहानपण अळणावरला गेलं, वडील रेल्वेत होते. क्वार्टर्सच्या मागे एक विहीर होती, पाठीला सुका भोपळा बांधून मी तिच्यात पोहायला शिकलो. वडिलांचा दंडक होता की एक पाण्यात तर एक काठावर. काठावरच्यानं मधूनमधून हाक मारायची, पाण्यातल्यानं ओ द्यायचा. ओ आला नाही तर काठावरच्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घ्यायची. मला त्या हाकांचा वैताग यायचा. ओ द्यायला तोंड उघडलं की शेवाळाचं पाणी तोंडात, आणि जरा कुठं एकटं, निवांत वाटायला लागावं तर वरून पुन्हा हाक. एकदा मी मुद्दाम ओ दिला नाही. वडिलांनी नव्या धोतरानिशी उडी मारली आणि वर आल्यावर मला असा बडवला की अजून आठवतं.

आता त्या दिवशीचं सांगतो. आमची ती सातवी खेप.

बोट म्हणजे नुसता नरक होता. डिझेलचा धूर, कालच्या मासळीचा वास, आणि हुबळीहून आलेले हौशी पर्यटक, जे पहाटे रस्त्यात कुठेतरी भजी हाणून आले होते आणि आता ती एकेक करून समुद्राला अर्पण करत होते. एकानं तर वाऱ्याकडे तोंड करून अर्पण केली. माझ्या गुडघ्यावर पडलेल्या थेंबाचं मी वर्णन करणार नाही. भाड्याच्या रबरी पोशाखाला असा वास येत होता की आधी त्यात कोण कोण काय काय करून गेलं असेल, याचा विचारही नको. आमचा शिक्षक, किनाऱ्यावरचाच एक कानडी तरुण, त्या ओकणाऱ्यांच्या पाठी चोळत होता. आम्ही दोघं जुने म्हणून आमच्याकडे लक्ष द्यायची त्याला गरज वाटली नाही.

उडी मारण्याआधी जोडीदारांनी एकमेकांना तपासायचं असतं. पट्टे ओढून बघायचे. जोडीदाराला पाठ करायला सांगून सिलिंडरची झडप पूर्ण उघडी आहे ना, हे हातानं फिरवून बघायचं. मग त्याला दोन-चार श्वास घ्यायला लावायचे आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघायचं. श्वासागणिक काटा हलला तर कुठेतरी अडलंय.

आम्ही हे कधीही केलं नाही. सातही वेळा नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. आमच्या घरी त्याच्यासाठी आधी पाट मांडतात, मी त्याला अहो-जाहो करतो. त्याच्या छातीवरचे पट्टे ओढायचे? त्याला "पाठ करा" म्हणायचं? "श्वास घेऊन दाखवा" म्हणायचं? माझ्या जिभेवर ते येईना. आणि तो तर सासऱ्याच्या अंगाला पाया पडताना सोडून हात लावत नसे. त्यामुळे आम्ही लग्नातल्या व्याह्यांसारखे समोरासमोर उभे राहायचो.

"झालं ना सगळं, मामा?"

"झालं. तुमचं?"

"झालं की."

आणि उडी.

खाली दहा-बारा मीटरवर गेलो. वरची घाण वरच राहिली. पाणी हिरवट, स्वच्छ, खडकावर पिवळे मासे. मला फार बरं वाटलं. त्या दिवसातला तेवढाच काळ मला कुणाची शिसारी आली नाही. जावयाच्या हातात नेहमीप्रमाणे कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याचा मला वीट आला होता. आधीच्या सहाही वेळा तो मला "इकडं बघा, हात करा" अशा खुणा करून चित्रफिती काढायचा आणि संध्याकाळच्या आत त्या दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या फोनवर जायच्या. मी त्यात फुगलेल्या बेडकासारखा दिसतो.

थोड्या वेळानं तो समोर येऊन हात हलवायला लागला. मी म्हटलं, झालं सुरू. मान दुसरीकडे केली. पुन्हा बाजूनं आला, पुन्हा हात. मी खडकातल्या एका खेकड्याकडे बघत राहिलो. मग त्यानं माझ्या पायाला बांधलेला रबरी पंख धरून ओढला. तेव्हा मात्र मला संताप आला. मी पाय झटकला आणि तोंड फिरवलं.

नंतर मागे बघितलं तर तो नव्हता.

नियम असा की जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं. मी शोधलं नाही. मनात आलं, गेला असेल एखाद्या कासवाच्या मागे चित्रं काढत. आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो, की मला आनंद झाला. अळणावरच्या विहिरीत जो कधी मिळाला नाही तो एकांत मला तिथं मिळाला. पाव तास मी एकटाच त्या खडकाभोवती फिरलो, हवा निम्मी झाल्यावर वर आलो.

बोटीवर शिक्षक माझी वाट बघत उभा होता. "निम्म जोडी एल्ली, सर?" तो ओरडला, तुमची जोडी कुठं म्हणून. उत्तर त्यालाही ठाऊक होतं, जोडी त्याच्या मागेच बसलेली होती. अंगाभोवती टॉवेल, ओठ निळसर, कॅमेरा बाजूला पडलेला.

"कासव दिसलं मामा," जावई माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्याच्या मागं गेलो. चुकलंच."

शिक्षकानं त्याला सर्वांदेखत झाडलं. मी काही बोललो नाही, जावई पडला. पण माझ्या मनातून तो माणूस त्या क्षणी उतरला. साठीच्या सासऱ्याला समुद्राच्या तळाशी सोडून कासवाच्या मागे लागणारा माणूस! परतीच्या वाटेवर अंकोल्याला त्यानं मला शहाळं आणून दिलं, तेही मला गिळवेना.

पुढचे चार महिने मी त्याच्याशी गोड बोललो आणि त्याचा तिरस्कार केला. दिवाळीला तो आला, पाट मांडला, ओवाळलं, आणि तो जिलबी खाताना त्याच्या हनुवटीवरून पाक ओघळला तर मी पाण्याचं निमित्त करून उठलो. त्याचं हसणं, फोनवर मोठ्यानं बोलणं, जेवताना चमचा चाटणं, सगळ्याची मला किळस यायला लागली. धारवाडच्या तरणतलावावर सकाळी आमचा एक कंपू जमतो, तिथं मी नाव न घेता सिद्धान्त मांडायला लागलो की जोडीदार ही एक फसवणूक आहे. जोडीदार आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तोच पळून जातो. एकटा माणूस निदान सावध तरी असतो. आपली हवा, आपली झडप, आपला जीव.

"आणि तुमची झडप तपासणार कोण?" एका म्हाताऱ्या वकिलानं अंग पुसता पुसता विचारलं.

"मी."

"ती तुमच्या पाठीवर असते म्हणालात ना?"

वकिलांशी वाद घालू नये. मी घरी येऊन त्या शिक्षकाला फोन लावला आणि मला इथून पुढे एकट्यानं उतरायचंय, असं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. एकट्यानं जायचं तर सगळं दुप्पट लागतं, म्हणाला. जादा छोटा सिलिंडर, त्याची वेगळी नळी, त्याचं वेगळं शिक्षण आणि पुष्कळ अनुभव. "तुमच्या सात खेपा झाल्यात, सर." मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "गेल्या वेळी जोडी हरवली तेव्हा किती वेळ शोधलंत?"

"शोधलं की," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पोटात एक, ओठात एक. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचा थोडा कंटाळा आला, पण तो मी टिकू दिला नाही.

कारण त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. "अप्पा, मीपण शिकतेय. पुढच्या रविवारी जातोय आम्ही. मी आणि तो, जोडी."

बायकोला सांगून काही उपयोग नव्हता, ती म्हणाली असती, नवराबायको आहेत, जाऊ द्या. पण मला डोळ्यांसमोर दिसत होतं, माझी मुलगी त्या हिरव्या पाण्यात हात हलवतेय आणि हा कासवाच्या मागे चाललाय. जावयाचा मान गेला खड्ड्यात, असं मी ठरवलं. शनिवारी दुपारी बस धरली आणि हुबळीच्या अलीकडे उणकलला त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

त्यांच्या गॅलरीतून तळं दिसतं. फ्लॅटच्या जाहिरातीत ते निळं होतं. प्रत्यक्षात त्या दिवशी जलपर्णी कुजलेली आणि सगळ्या इमारतीला तो वास. मुलगी एकटीच होती, जावई दुकानातून यायचा होता. मी चप्पल काढता काढताच सुरुवात केली. सगळं सांगितलं. कॅमेरा, कासव, पाव तास मी एकटा. म्हटलं, "त्या माणसाच्या भरवशावर तू खाली जायचं नाहीस. मी तुझा बाप म्हणून सांगतोय."

ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली.

"अप्पा, कासव नव्हतंच."

"म्हणजे?"

"त्याला हवा येत नव्हती."

माझी मुलगी नवऱ्याला अरे-तुरे करते. तिच्या आईला ते खुपतं, मलाही खुपायचं.

तिनं सांगितलं ते असं. दुकानात जावयाच्या हाताला एक वळण आहे. कुठलीही झडप पूर्ण उघडली की ती पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे जाम होत नाही. नवीन गिऱ्हाइकालाही तो हेच शिकवतो. त्या दिवशी बोटीच्या हेलकाव्यात त्यानं सिलिंडर पाठीवर घ्यायच्या आधी झडप उघडली, मग आपण उघडली की नाही याचा घोळ झाला, म्हणून पुन्हा फिरवली. उलट्या बाजूला. बंद झाली, आणि मग सवयीनं पाव फेरा मागे. म्हणजे जेमतेम किलकिली. वर तेवढी हवा पुरली. खाली दाब वाढल्यावर ओढून ओढून श्वास येईना.

हवेच्या दाबाचा हा धडा मी तीस वर्षं फळ्यावर शिकवला आहे.

"मागून कुणीतरी ती झडप नुसती फिरवायची होती अप्पा. त्याचा स्वतःचा हात तिथं पोचत नव्हता. त्यानं तुम्हाला दोनदा खूण केली. मग पाय धरला."

तळ्याचा वास घरभर भरला होता.

"मग माझी पिवळी नळी का नाही ओढून घेतली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, वर्गात चढायचा तसा. "ती कशासाठी असते? शिकवलं होतं ना?"

"घेणार होता. हात पुढं केला होता म्हणाला. मग त्याला तुमचं ते धुणं आठवलं. म्हणाला, मामांना किळस येते. त्यापेक्षा वर जाऊन बघू, वर जाईल तशी हवा बरी येते. तो वर येऊन बोटीवर पंधरा मिनिटं थरथरत होता. तुम्ही वर येईपर्यंत शिक्षकाला धड सांगताही आलं नाही त्याला. तुम्ही आल्यावर त्यानं कासव सांगितलं."

"चार महिने मला कुणी बोललं नाही!"

"त्यानं मला शपथ घातली होती. आज मोडली."

आमच्याकडे म्हणतात, आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला. मी आयुष्यभर ती म्हण दुसऱ्यांना ऐकवत आलो. त्या दिवाणखान्यात बसून मला माझ्या धुतलेल्या नळीची, पुसायच्या रुमालाची, झटकलेल्या पायाची अशी काही शिसारी आली, की उठून बेसिनपाशी गेलो. काही पडलं नाही. नुसतं तोंड धुऊन परत आलो, आणि तोंड धुतलं याचीही लाज वाटली. विहिरीच्या काठावरून वडिलांनी एका न आलेल्या ओसाठी नव्या धोतरानिशी उडी घेतली होती. इथं एक माणूस तीनदा हाक मारून गेला होता.

तेवढ्यात जावई आला. मला बघून दारातच चपळाईनं चप्पल बाजूला केली. हातात गिरमिटाचा पुडा.

"मामा! कधी आलात? बसा की, उभे का? अगं, पाणी दिलंस का यांना?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्यानं बायकोकडे बघितलं, सगळं ओळखलं, आणि मान खाली घातली. चूक त्याची असल्यासारखी.

"त्यात काय मामा. वर आलो की. तुम्हाला उगाच वाईट वाटलं असतं."

त्याच्या त्या आदराचा मला जितका राग आला तितका त्याच्या कुठल्याच गोष्टीचा कधी आला नव्हता. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "चुकलं माझं," असं बहुतेक म्हटलं. तो "छे छे, काय बोलता ओ" म्हणत स्वयंपाकघरात गेला आणि ताटल्या घेऊन आला. माझी वेगळी, स्वच्छ पुसलेली, चमचा रुमालात गुंडाळलेला.

मी मुलीला म्हटलं, "उद्या मी येतो. तुझी जोडी मी होतो. मी सगळं तपासीन. झडप, काटा, सगळं."

तिनं फार विचार केला नाही.

"नको अप्पा. मी याच्याबरोबरच जाणार. याला मी पाठ कर म्हणते, श्वास घे म्हणते, नाही ऐकलं तर टपली मारते. खाली काही झालं तर याच्या तोंडातली नळीसुद्धा ओढून घेईन. तुमची पिवळी मागायची म्हटलं तर मला आधी विचार करावा लागेल."

जावई म्हणाला, "असं काय बोलतेस गं." पण नाही असं कुणी म्हणालं नाही.

मग ती त्याच्याच ताटलीत खायला बसली. त्यानं चाटून ठेवलेला चमचा उचलला, त्याच चमच्यानं गिरमिट खाऊ लागली, आणि मी, सगळं कळून चुकल्यावरसुद्धा, तोंड फिरवलं.